गिऱ्हाइकाचं बटण

स्पीकरचा आवाज जरा टोचतोय असं त्याचं त्यालाच वाटलं. हात पुढे गेला, मिक्सरवरचं लाल टोपीचं शेवटचं बटण चिमटीत धरून त्यानं डावीकडे थोडं फिरवलं, आणि कानाला बरं वाटलं. टोचायचं थांबलं. तो खुर्चीत मागे टेकला, पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून त्यानं एक घोट घेतला. दुसरा घोट तोंडात असतानाच आपण कुठलं बटण फिरवलं ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं बाटली खाली ठेवली. त्या बटणाला काहीच जोडलेलं नव्हतं. ते नुसतं फिरायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी फिरवलेलं ते बटण आज त्यानं स्वतःसाठी फिरवलं होतं, आणि त्याचा त्याला गुण आला होता.

मिक्सर त्याचा स्वतःचा, दुकानातून आणलेला, पण बटणाची अक्कल उस्तादची. उमेदीच्या वर्षांत ज्या माणसाच्या हाताखाली तो वायरी गुंडाळायला शिकला, त्या जाड्या, सदा खोकणाऱ्या माणसाला सगळे उस्तादच म्हणत. उस्तादनं त्याला पहिल्याच आठवड्यात टेबलामागे उभं करून सांगितलं होतं की आवाज कमी करा म्हणणारं गिऱ्हाईक येणार, त्याच्या मागोमाग वाढवा म्हणणारं येणार, आणि दोघंही एकाच घरातली असणार. दोघांचं ऐकत बसलास तर मशीन जळेल आणि कुणाचंच ऐकलं नाहीस तर मार खाशील. म्हणून मिक्सरवरचा शेवटचा खण वायर न जोडता रिकामा सोडायचा, त्याच्या बटणाला लांबून दिसेल अशी टोपी घालायची आणि कुणी आलं की तेच फिरवायचं. गिऱ्हाइकाचं बटण. पण नुसतं फिरवून भागत नाही, हेही उस्तादनंच शिकवलं. आधी मान हलवायची. कपाळाला आठी घालायची. वाकायचं. बटण सावकाश, केसभर फिरवायचं, मग कान स्पीकरकडे करून थांबायचं आणि विचारायचं, "आता?" सगळं त्या विचारण्यावर. गिऱ्हाईकही कान देतं, त्याच्या जबड्याचा ताण सैल पडतो, आणि ते म्हणतं, हां, आता बरंय. आजवर एकानंही नाही म्हटलं नव्हतं. सुरुवातीला त्याला इतकं हसू यायचं की तो स्पीकरच्या मागे जाऊन वायर शोधल्याचं नाटक करायचा. पुढे हसू गेलं आणि तुच्छता राहिली, पातेलं घासून काढल्यावरही तळाला करपलेलं राहतं तशी. डॉक्टर आला, वकील आला, शाळेची मोठी बाई आली, सगळ्यांना एकच औषध. त्याला वाटायचं, माणसाच्या कानात काही नसतंच. सगळं डोळ्यांत असतं, आणि डोळेही मंदच.

आज एका जोडप्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाल्याची मेजवानी होती. भर दुपारचा हॉल. अंधार हवा म्हणून पडदे ओढलेले, पण पडदे आखूड, त्यामुळे खालून उन्हाची एक पट्टी आत येऊन सगळ्यांचे बूट उजळून काढत होती. वर अंधार आणि रंगीत दिवे, खाली धुळीनं भरलेले खरे बूट. त्याला ते बघून सकाळपासून कुजकट बरं वाटत होतं. नवरा आणि बायको हॉलच्या दोन टोकांना आपापल्या माणसांत बसली होती, आणि फोटोवाला बोलवील तेव्हाच एकत्र येऊन दात दाखवत होती. नवऱ्याचा मोठा भाऊ टेबलाशी येऊन म्हणाला, कमी करा, माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. लाल बटण डावीकडे. बायकोची बहीण आली, मयताला आल्यासारखं वाटतंय म्हणाली. लाल बटण उजवीकडे. एकानं येऊन स्पीकरवर उष्टी ताटली ठेवली, जशी काही ती त्याच्यासाठीच बांधलेली मोरी. एका बाईला एक गाणं हवं होतं, त्याचे शब्द तिला येत नव्हते आणि चालही येत नव्हती. ती त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून हूं हूं करत राहिली आणि वर, अहो तेच ते, एवढं कसं कळत नाही तुम्हाला, म्हणाली. लावतो, तो म्हणाला. तो नेहमीच लावतो म्हणायचा. पुढं कुणी चौकशी करायला येत नाही. माणसाला गाणं नको असतं, लावतो हवं असतं.

नाचणारी माणसं आता त्याला बघवत नसत. एके काळी, अगदी सुरुवातीला, एका कारखान्याच्या वार्षिक मेळाव्यात त्यानं खालचा घुमारा, म्हणजे बेस, क्षणभर काढून घेतला होता आणि मग एकदम सोडला होता, तेव्हा सगळा हॉल एका अंगानं उडाला होता. त्याच्या हातावर काटा आला होता आणि वाटलं होतं की या सगळ्यांच्या केसांची एकच मूठ आपल्या हातात आहे. तीच करामत तो अजून करायचा, माणसं अजून उडायची. पण आता तो त्यांच्या उडण्याकडे बघताना त्यांच्या पोटऱ्या बघायचा, पट्ट्यावरून ओघळलेली पोटं बघायचा, डोळे मिटून वर केलेली तोंडं बघायचा आणि मनात म्हणायचा, हला, हला अजून. सोडून द्यावं हा विचार त्याच्या डोक्यात काही आजचा नव्हता. कंबर धरायची, गुडघे कुरकुरायचे, आणि सुट्टीच्या दिवशी जग जेव्हा घरात पाय पसरून बसतं तेव्हा हा दुसऱ्यांच्या हॉलमध्ये. पण ती सगळी अंगाची कुरकुर होती. अंगाला तो जुमानायचा नाही. आजचं निराळं होतं. आज त्याच्या हातानं त्याला फसवलं होतं आणि त्याच्या कानानं साक्ष दिली होती.

उरलेला कार्यक्रम त्यानं कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत. खरं बटण किंचित खाली आणलं आणि ऐकलं. कमी झाल्यासारखं वाटलं. मग वाटलं, झालंच नाही, आपण आणलं म्हणून वाटतंय. मग डोळे मिटून लाल फिरवलं. तेव्हाही वाटलं. हेडफोन चढवला, काढला. जे काम तो झोपेतही करू शकला असता त्याच्यात तो आता जिना उतरताना पायऱ्यांचा विचार करणाऱ्या माणसासारखा अडखळायला लागला. आणि मग मागचं आठवायला लागलं. इतक्या हॉलांत आपण कपाळाला आठी घालून जे जे नीट केलं, उंच स्वर जरा खाली, माइक जरा गोड, त्यातलं किती खरंच नीट झालं होतं? लोक म्हणायचे, तुमच्याकडचा आवाज मऊ असतो हो. त्याला ते खरं वाटायचं. हे एवढं एकच त्याला खरं वाटायचं. नवऱ्याचा भाऊ पुन्हा आला आणि त्यानं तोंड उघडायच्या आतच हा खेकसला, की केलंय कमी. भाऊ मुकाट मागं फिरला आणि जाता जाता म्हणाला, हां, आता बरंय. यानं कशालाच हात लावला नव्हता.

सामान गाडीत चढवून तो निघाला तेव्हा उन्हं कलली होती. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून काहीतरी म्हणाला, हातवारे करून, बहुधा मागचं दार नीट लागलं नाही असं. यानं नुसती मान हलवली आणि पुढं बघितलं. मान हलवणं फुकट असतं. मागं स्पीकर एकमेकांवर हलकेच आदळत होते. मेहुण्याला काय सांगायचं हा प्रश्न गेले काही दिवस त्याच्याबरोबर गाडीत बसून फिरत होता. मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं, फरश्यांचं मोठं दुकान होतं आणि दुकानामागे गोडाऊन. तिथं बसायला त्याला घरचा माणूस हवा होता. खुर्ची आहे, पंखा आहे, भाऊजी, तो म्हणाला होता, आलेली खोकी बघायची, गेलेली खोकी बघायची, आणि आमच्याकडे आवाज एकच, फरशी फुटल्याचा, तोही तुम्ही असल्यावर होणार नाही. असं म्हणून तो हसला होता, आणि त्याच्या हसण्यात त्याच्या सगळ्या घराण्याचं हसणं होतं. सासरी सगळे पाठीमागं याला भोंगा म्हणत. लग्नाच्या वेळी कुणीतरी म्हटलं होतं की पोरगी दिली ती भोंग्याच्या घरी, आणि ते तेव्हापासून चिकटलं. तोंडावर भाऊजी, पाठीमागं भोंगा. त्यानं मेहुण्याला उत्तर दिलं होतं, बघतो.

घराची पुढची खोली खोलीसारखी राहिली नव्हती. भिंतीला लागून लहान कार्यक्रमाला न लागणारे स्पीकर, त्यांच्यावर चादरी, चादरींवर इस्त्रीचे कपडे. घुमाऱ्याची मोठी पेटी म्हणजे पाहुण्यांची बैठक. पाहुणे बसायचे आणि दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून अवघडून लवकर उठायचे. बायको म्हणायची, तुमच्या धंद्याचा एवढा एक फायदा. ती आता तिथं उभी राहून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तो गाडीतलं सामान आत आणून ठेवत होता तरी तिनं वर बघितलं नाही. चहा झाकून ठेवलाय, ती घडीला म्हणाली. तो चहा घेऊन स्टुलावर बसला. दोघांची मुलगी दुसऱ्या गावी नांदत होती, तिचा फोन येऊन गेला होता, तिच्या सासूचा गुडघा, जावयाची बदली, असं सगळं बायकोनं घड्यांबरोबर सांगितलं, आणि मग त्याच सुरात म्हणाली,

"उद्या सकाळी हा येतोय. गिऱ्हाईक घेऊन."

"कोण हा? कसलं गिऱ्हाईक?"

"माझा भाऊ. आणि गिऱ्हाईक ह्याचं." तिनं पायाच्या अंगठ्यानं मोठ्या पेटीला टोचलं.

"मला विचारलंस?"

"दर वर्षी विचारते. दर वर्षी तुम्ही म्हणता, एवढं एक वर्ष. मी म्हणते बरं."

तो काहीतरी जोराचं बोलणार होता. तोंडापर्यंत आलंही होतं, की हे माझ्या कष्टाचं आहे, तुझ्या भावाच्या बापाचं नाही, असलं काहीतरी. पण दुपारपासून जे छातीत अडकून बसलं होतं ते मध्ये आलं. दुसरं कुणी नव्हतंच सांगायला. उस्ताद मरून गेला होता, आणि धंद्यातल्या बाकीच्यांना सांगितलं असतं तर त्यांनी महिनाभर चहाबरोबर तोंडी लावलं असतं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि मिक्सरवर एक बटण असतं, ते खोटं असतं, लोकांसाठी ठेवलेलं, असं तो तिला समजावून सांगायला लागला. लहान मुलाला सांगावं तसं.

"ते लाल?" ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मी येत होते ना तुमच्याबरोबर. पुसायला माझ्याकडेच द्यायचात. मागं सगळ्या खणांत वायरी आणि एक रिकामा. आंधळ्यालासुद्धा हाताला लागेल."

त्याला आठवलं. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती खरंच यायची. टेबलाच्या मागे पेट्यांच्या आडोशाला बसायची, पोरगी झाल्यावर पोरीला घेऊनही यायची. स्पीकरची रिकामी पेटी उघडली की आत मऊ काळा स्पंज असायचा, त्यात पोरगी मजेत झोपायची, आणि लोक वाकून बघायचे, हसायचे. मग एकदा तिला ताप असताना नेली होती. ती गोष्ट तर त्याच्या आवडीची. त्या दिवशी यजमान बोंबलत होता की आवाज वाढवा, आणि आपण पोरगी झोपलीय म्हणून सगळं खाली आणलं, चार शिव्या खाल्ल्या पण वर नेलं नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना त्यानं ही गोष्ट व्याह्यांना सांगितली होती. व्याह्यांनी माना डोलावल्या होत्या. मुलगी तेव्हा खाली बघत होती. त्याला वाटलं होतं, तिचा गळा दाटून आलाय. त्यानं ती आता बायकोला आठवण म्हणून सांगितली, काहीशी ढालीसारखी पुढे धरून, की एवढं तर केलं होतं ना मी.

बायकोच्या हातात त्याचाच शर्ट होता. तिनं तो घडी न घालताच खाली ठेवला.

"तुम्ही लाल फिरवलंत," ती म्हणाली. "मी येऊन म्हटलं, पोरीला सोसत नाहीये, कमी करा. तुम्ही कपाळाला आठी घातलीत, वाकलात, ते लाल फिरवलंत आणि मला विचारलंत, आता?"

खोलीत पंखा फिरत होता. त्याला तो दिवस जसाच्या तसा दिसत होता, यजमानाचं घामेजलं तोंड, पेटीत पोरीचा लाल झालेला कान, आणि आपला हात. हात खाली येताना दिसत होता. पण हात कुठल्या बटणावर होता तिथंच नेमकं कुणीतरी उभं राहिल्यासारखं झालं होतं, काही केल्या दिसेना.

"मग तू काय म्हणालीस?"

"आता बरंय म्हणाले."

"का? माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"हात तर हलला होता तुमचा. मी तेवढ्यावर भागवलं." तिनं शर्ट पुन्हा उचलला, झटकला आणि घडी घालायला घेतली. "आता भागत नाही."

तो उठून मागच्या गॅलरीत गेला. कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये वायर गुंडाळत उभा राहिला. गाडीतून आल्यावर वायरी उलगडून पुसून पुन्हा गुंडाळायच्या ही त्याची सवय. पण आज पुसलेल्याच पुन्हा पुसून झाल्या. त्याला बायकोचा संताप आला होता. पोरीच्या तापाचा नाही, बटणाचाही नाही. ती म्हणाली होती आता बरंय, आणि चेहरा सैल सोडून म्हणाली होती, त्याचा. तिनंही उस्तादच्याच हाताखाली काम शिकल्यासारखं केलं होतं. मग पोरगी त्या दिवशी व्याह्यांसमोर खाली का बघत होती? आईनं तिला सांगितलं असणार. दोघींना माहीत होतं आणि दोघींनी त्याला बोलू दिलं होतं. मग अजून कुणाकुणाला माहीत होतं? तो डॉक्टर, तो वकील, ती शाळेची बाई, सगळे एकेक करून गॅलरीच्या कठड्याशी येऊन उभे राहिले. त्यांनाही वायर नसलेला खण दिसला असेल का? की त्यांना आवाजाशी देणंघेणंच नव्हतं. चारचौघांत एक माणूस आपल्यासमोर वाकला, आपल्यासाठी त्याचा हात हलला, तेवढ्यावर तेही भागवून गेले? तसं असेल तर टेबलामागे उभा राहून इतकी वर्षं हसलो कुणाला? त्याला सगळ्यांचा एकत्र राग आला, एखाद्या खोलीभर माणसांनी आपल्या वाढदिवसाची गंमत आपल्यापासून लपवून ठेवावी तसा. शेजारच्या गॅलरीतल्या म्हाताऱ्यानं, काय आज लवकर, असं विचारलं. तो म्हणाला, हो. म्हातारा म्हणाला, बरंय. म्हाताऱ्याला वायर फेकून मारावी असं त्याला वाटलं.

सकाळी मेहुणा आला. अंगाला अत्तर, हातात गाडीची किल्ली फिरवत. त्याच्याबरोबरच्या माणसानं घरात आल्यावरही काळा गॉगल काढला नाही, म्हणून यानं मनातल्या मनात त्याचं नाव गॉगलच ठेवलं. गॉगल तिशीतला, बोलायला गोड, यालाही काका म्हणाला आणि चादरी स्वतःच ओढून काढायला लागला. इस्त्रीचे कपडे बायकोनं आधीच हलवलेले होते. म्हणजे तिनं जागा मोकळी करून ठेवली होती. गॉगलनं स्पीकरच्या जाळीवर नखानं वाजवून बघितलं, पेट्यांचे कोपरे चाचपले, मिक्सर टेबलावर मांडून वायरी जोडल्या आणि डावीकडून एकेक बटण फिरवत निघाला. हा स्टुलावर बसून बघत होता. दुसऱ्याचा हात आपल्या मिक्सरवर बघताना त्याच्या मांडीवरची बोटं आपोआप हलत होती. गॉगल लालपाशी आला. फिरवलं. उलटं फिरवलं. मागं वाकून बघितलं.

"काका, हे मेलंय."

"ते तसंच असतं," तो म्हणाला. आणि का कुणास ठाऊक, बहुधा समोरचाही धंद्यातला म्हणून, त्यानं सांगितलं, ते कशासाठी असतं ते. मान, आठी, वाकणं, आता. मेहुणा मोठ्यानं हसला, आणि म्हणाला की आम्हीही फसलो म्हणायचं मग, माझ्या लग्नात. गॉगलही हसला, पण जुन्या काळचं काही बघून हसतात तसा. त्याच्याकडे असली भानगड नव्हती. तो टेबलाभोवती दोरी लावतो म्हणाला. जाड, मखमली, लांबून. आत कुणाला यायचं नाही. कानाला हेडफोन, डोळ्यांना गॉगल, पुढं पाटी, फर्माईश करू नये. कुणी हातवारे केले तरी बघायचंच नाही. पहिल्यांदा चिडतात, मग गप्प नाचतात, काका. मेहुण्यानं भाऊजी ऐका अशा अर्थानं भुवया उडवल्या. याला त्या दोरीचा राग आला, आणि आपल्याला राग यावा याचाही. आपल्या तोंडाजवळ तोंड आणून हूं हूं करणारी ती बाई त्याला आठवली. तिच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता. ती दोरीपाशी उभी राहिली असती आणि परत गेली असती. तर गेली असती. आपण तरी तिला काय दिलं होतं.

"एकदा पूर्ण सोडून बघतो," गॉगल म्हणाला, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं आवाज सोडला. तो हॉलसाठी बांधलेला आवाज होता. त्या खोलीत तो मावेना. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या, स्टूल बुडाखाली सरकल्यासारखं झालं, भिंतीवरचा मुलीचा फोटो तिरका झाला. मेहुण्यानं हसतहसत कानांवर हात ठेवले. त्याला स्वतःला मात्र पहिल्यांदाच कळलं की हे सामान या घरात इतकी वर्षं आवाज न करता उभं होतं, आणि तरी बायकोला ते ऐकू येत असणार. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हात ओले होते, कोपरातून दुमडून वर धरलेले, पाणी खाली ठिबकत होतं. काही म्हणाली असती तरी ऐकू गेलं नसतं. ती त्याच्या तोंडाकडे बघतही नव्हती. त्याच्या हाताकडे बघत होती.

तो उठला. गॉगलच्या खांद्यावरून वाकला, आणि वाकताना त्याच्या कपाळाला आपोआप आठी पडली. त्यानं ती जाणून मोडली. लालकडे निघालेली बोटं वळवून त्यानं मधलं, खरं बटण धरलं आणि एका दमात शून्यावर आणलं. खोली एकदम रिकामी झाली. नळाचा थेंब ऐकू आला, मेहुण्याच्या किल्लीचा आवाज आला, कुणाचा तरी श्वास आला.

"आता?" तो म्हणाला. तोंडाला सवयच ती.

बायकोनं ओले हात पदराला पुसले. "बंद झालं," ती म्हणाली. बरंय म्हणाली नाही.

मेहुण्यानं ते मनावर घेतलं नाही. तो मोकळ्या झालेल्या शांततेत खुशीत बोलायला लागला, की चला, मग सामानाचं ठरलं, आणि भाऊजी, तुम्ही उद्यापासूनच या, खुर्ची पुसून ठेवायला सांगतो. बघतो, हा शब्द त्याच्या जिभेवर आला. नेहमीच्या जागेवर, गुळगुळीत, केसभर डावीकडे की उजवीकडे, कुणाला कळणार नाही असा. मेहुण्याचा चेहरा तो ऐकण्यासाठी आधीच सैल झाला होता. बायको अजून दारात होती.

"सामान जाऊ दे," तो म्हणाला. "सगळं. पण तुझ्या गोडाऊनला मी येणार नाही."

"म्हणजे? आज जमणार नाही, का..."

"येणारच नाही. तुला बघतो म्हणालो होतो ते उगाच. तेव्हाही यायचं नव्हतं."

मेहुण्याचं तोंड उतरलं, मग लाल झालं. तो त्याच्याकडे न बघता बहिणीला म्हणाला, "ताई, बघितलंस? आम्ही माणसासारखं करायला जातो. मग खाणार काय, धंदाही नाही अन् नोकरीही नाही?" उत्तर यानंच दिलं, की ते मला माहीत नाही. हे बोलताना त्याला भीती वाटली, थेट आणि खरी, आणि त्या भीतीला कुठलंही बटण नव्हतं. मेहुणा जिन्यात जाऊन फोनवर कुणाला तरी सांगायला लागला, भोंग्याचं डोकं फिरलंय म्हणून. पहिल्यांदाच तो शब्द त्याच्या कानावर सरळ आला. इतका काही वाईट नव्हता.

गॉगलला घरच्या भांडणात रस नव्हता. "गाडी मागच्या बाजूला लाव," त्यानं गॉगलला सांगितलं, "पुढून पेटी वळत नाही." दोघांनी मिळून सामान उतरवलं. पेट्या, स्पीकर, वायरींची वेटोळी, सगळ्यात शेवटी टेबलावरचा मिक्सर. जिन्यात मोठी पेटी अडली तेव्हा ती तिरकी कशी करायची ते त्यानंच दाखवलं. गॉगलनं लाल टोपी उपटून त्याच्या हातावर ठेवली, काका तुमची आठवण म्हणून. यानं ती तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकली. गाडी गेली. मेहुणाही न सांगता आपल्या गाडीतून गेला.

तो वर आला. खोली मोठी आणि परकी दिसत होती, भाड्यानं बघायला आलेल्या खोलीसारखी. तो रिकाम्या टेबलामागे स्टुलावर जाऊन बसला, कारण बसायला दुसरं काही उरलं नव्हतं. तेवढ्यात आत भांडं आदळलं. मग दुसरं. मग तिचा आवाज सुरू झाला, नेहमीसारखा घड्यांना सांगितल्यासारखा नाही, चांगला उंच, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा, की त्याच्याकडे जायचं नव्हतं तर त्याला आशेला का लावलंत, आणि मला का लावलंत, आणि आता खायचं काय, दगड? इतक्या वर्षांत ती एवढ्या मोठ्यानं बोललेली त्यानं ऐकली नव्हती. त्याचा उजवा हात टेबलावरून पुढे सरकला, शेवटच्या खणाच्या अदमासानं, आणि बोटांची चिमूट हवेत मिटली. टेबलावर काहीच नव्हतं. आवाज चालूच राहिला. तो थोडा वेळ तसाच ऐकत बसला, मग उठला आणि आत गेला.